स्वस्त कंत्राट, महाग कारखाना

उद्योगावर मंदीचे सावट आले, कच्च्या मालाचे भाव चढले किंवा बँकेचे हप्ते जड होऊ लागले की, व्यवस्थापनाची नजर सर्वप्रथम यंत्रांच्या देखभालीवरील खर्चाकडे वळते. याचे कारण उघड आहे. कच्चा माल कमी केला तर उत्पादन त्याच दिवशी घटते, वीज तोडली तर यंत्र त्याच क्षणी थांबते. परंतु देखभाल पुढे ढकलली तर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. महिनाभरही बिघडत नाही. हिशेबाच्या वहीत बचत दिसते, बैठकीत तिचे कौतुक होते. त्या बचतीची वसुली वर्षा-दोन वर्षांनी होते. तोपर्यंत निर्णय घेणारा अधिकारी बहुधा अन्यत्र गेलेला असतो आणि यंत्राजवळ उभा असतो तो कंत्राटी कामगार.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर तारापूर, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, बुटीबोरी अशा वसाहती उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या काळात मोठ्या कारखान्यांत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे कारखान्याचे स्वतःचे कायम कामगार असत. आज चित्र पालटले आहे. पंपाची दुरुस्ती, पाइपलाइनचे वेल्डिंग, टाक्यांची सफाई, उष्णतारोधक आवरण, मचाण बांधणे, वार्षिक शटडाऊनची कामे, असे देखभालीचे बरेचसे काम कंत्राटदारांकडे गेले आहे. साहजिकच देखभालीचा खर्च कमी करणे म्हणजे कंत्राटदाराचा दर पाडणे, असे समीकरण रूढ झाले. हे समीकरण व्यवहाराच्या कसोटीला उतरत नाही आणि माणुसकीच्याही कसोटीला उतरत नाही. देखभालीचा खर्च खरोखर कमी करावयाचा असेल, तर कंत्राटदाराला आणि त्याच्या कामगाराला कारखान्याच्या लाभहानीत भागीदार करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

खर्च नेमका कोठे होतो?

देखभालीचे बिल आणि देखभालीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलात कामगारांची हजेरी, सुटे भाग, क्रेनचे भाडे एवढेच येते. यंत्र बंद राहिल्यामुळे बुडालेले उत्पादन, अर्धवट प्रक्रियेत वाया गेलेला माल, पुन्हा सुरू करताना जाळलेले इंधन, वेळेवर माल न मिळाल्यामुळे दुरावलेला ग्राहक, हे कोणत्याही कंत्राटदाराच्या बिलात दिसत नाही. खरा खर्च मात्र तोच असतो.

औष्णिक वीज केंद्राचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. ५०० मेगावॅट क्षमतेचा संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर १ कोटी २० लाख युनिट वीज निर्माण होते. बॉयलरमधील नळी फुटणे हे असे संच अचानक बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. नळी फुटली की संच बंद करावा लागतो, बॉयलर थंड होऊ द्यावा लागतो, नळीचा खराब भाग कापून नवा जोडावा लागतो, पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यावी लागते आणि मग पुन्हा आच पेटवावी लागते. यात दोन दिवस गेले असे समजू. एका युनिटचे मूल्य चार रुपये धरले, तरी सुमारे साडेनऊ कोटी रुपयांची वीज निर्माण व्हायची राहिली. त्यातून न जळालेल्या कोळशाची किंमत वजा केली तरी उरणारी हानी मोठीच असते. आता त्याच नळीचे वेल्डिंग करणाऱ्या कारागिराच्या रोजंदारीत दोनशे-तीनशे रुपये वाचवून कंत्राटदाराने निविदा जिंकली असेल, तर त्या बचतीला बचत म्हणावे काय? एका कच्च्या जोडाने साऱ्या वर्षाची काटकसर धुऊन निघते.

देखभालीच्या तीन पायऱ्या अभियंत्यांना ठाऊक असतात. यंत्र बंद पडल्यावर दुरुस्त करणे ही पहिली. ठरावीक काळाने यंत्र उघडून तपासणे, वंगण बदलणे, झिजलेले भाग काढणे ही दुसरी. यंत्राची कंपने, तापमान, तेलातील धातूचे कण यांवरून बिघाडाची चाहूल आधीच घेणे ही तिसरी. पहिलीकडून तिसरीकडे जावे तसा एकूण खर्च घटत जातो, कारण काम ठरवून, सामान हाताशी ठेवून, उत्पादनाला सोयीच्या वेळी करता येते. परंतु तिसऱ्या पायरीवर जाण्यासाठी यंत्राची ओळख लागते. पंपाचा आवाज आज कालच्यापेक्षा वेगळा येतो आहे, हे सांगणारा माणूस त्या पंपाजवळ वर्षानुवर्षे वावरलेला असावा लागतो. दर वर्षी निविदा, दर वर्षी नवा कंत्राटदार, दर तीन महिन्यांनी नवे मजूर, अशा व्यवस्थेत तो माणूस कोठून येणार?

किमान दराचा मोह

सरकारी आणि खासगी, दोन्ही क्षेत्रांत निविदांचा एक रूढ नियम आहे. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. कार्यालयीन भाषेत त्याला ‘एल-वन’ म्हणतात. या पद्धतीचा एक गुण नाकारता येत नाही. तिच्यामुळे मर्जीतल्या माणसाला काम देण्याच्या प्रवृत्तीला आळा बसतो. परंतु टेबलखुर्च्या विकत घेणे आणि विषारी वायूच्या पाइपलाइनची दुरुस्ती करून घेणे यांत अंतर आहे. टेबलखुर्ची कशी आहे हे घेतानाच दिसते. दुरुस्ती कशी झाली हे पुढे कळते.

परवडत नसलेल्या दरात काम घेणारा कंत्राटदार तोटा सोसण्यासाठी धंद्यात उतरलेला नसतो. तो वाटा शोधतो. चार कुशल फिटरांऐवजी एक फिटर आणि तीन बिगारी आणतो. मस्टरवर पूर्ण वेतन दाखवून हातावर कमी टेकवतो. भविष्य निर्वाह निधीचा भरणा रखडवतो. सुरक्षेचा पट्टा, हातमोजे, चष्मा यांत काटकसर करतो. करारात न लिहिलेले प्रत्येक काम ‘जादा काम’ म्हणून वेगळे मागतो आणि वर्षअखेर त्याचे एकूण बिल नाकारलेल्या निविदांच्याही पुढे जाते. कारखान्याचे अधिकारी मग त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी देखरेखीची माणसे वाढवतात. म्हणजे आधी अविश्वासातून दर पाडायचा आणि नंतर त्या दरातून उपजलेल्या अविश्वासावर पुन्हा खर्च करायचा, असा हा व्यवहार आहे.

करार हजेरीवर केला तर आणखी एक विसंगती निर्माण होते. दिवसाला किती माणसे आली यावर पैसे मिळणार असतील, तर चार दिवसांचे काम दोन दिवसांत संपवणारा कंत्राटदार स्वतःचेच नुकसान करून घेतो. दुरुस्तीच्या संख्येवर पैसे मिळणार असतील, तर चांगली दुरुस्ती करणारा उपाशी राहतो. समजा, एका रसायन कारखान्यात पंपाचे सील दर दोन महिन्यांनी गळते. दर वेळी कंत्राटदाराचा माणूस येतो, नवे सील बसवतो, बिल करतो. वर्षात सहा सील, सहा बिले. वास्तविक दोष सीलचा नसतोच. मोटर आणि पंप यांचे दंड एका रेषेत नसतात, अथवा पाइपचा ताण पंपावर येत असतो, अथवा पाया खचलेला असतो. सहा महिने सील बदलणाऱ्या फिटरला हे बहुधा कळलेले असते. परंतु त्याला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या मालकाला ते सांगण्यात लाभ नसतो. जे ज्ञान कारखान्याचे लाखो रुपये वाचवू शकते, ते करारातील एका कलमामुळे फिटरच्या मनातच राहते.

शासनालाही या पद्धतीच्या मर्यादा जाणवल्या आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, ज्या कामांत गुणवत्तेला विशेष महत्त्व आहे अशा कामांसाठी निविदा ठरवताना दराबरोबर गुणवत्तेलाही जास्तीत जास्त ३० टक्के भार देण्याची मुभा मिळाली. सार्वजनिक उपक्रमांतील अधिकाऱ्यांनी तिचा विचार धोक्याच्या यंत्रणांच्या देखभालीसाठी अवश्य केला पाहिजे. खासगी कारखानदाराला तर अशा मुभेची वाट पाहण्याचेही कारण नाही.

गावगाड्यातील शहाणपण

देखभालीच्या कराराचा हा प्रश्न भारतीय समाजाला अपरिचित नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात लोहार आणि सुतार हे बलुतेदार होते. नांगराच्या फाळाला धार लावणे, विळे-खुरपी दुरुस्त करणे, कुळव, पाभर, गाडी नीट ठेवणे ही त्यांची वर्षभराची जबाबदारी असे. त्यांना प्रत्येक दुरुस्तीचे पैसे मिळत नसत. सुगी झाली की खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. तात्पर्य, मोबदला दुरुस्तीच्या संख्येला बांधलेला नव्हता. तो पिकाला बांधलेला होता. नांगर पेरणीच्या दिवशी मोडून पडला तर शेतकऱ्याबरोबर लोहाराचेही नुकसान होते. पीक बुडाले तर बलुतेही आटत असे. त्यामुळे अवजार मुळात मोडूच नये, यात दोघांचाही स्वार्थ एकवटला होता.

या व्यवस्थेचे अकारण गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने व्यवसाय जन्माला जखडला, काही जातींच्या वाट्याला कष्ट आणि अपमान दोन्ही दिले, आणि आपल्या श्रमाचे मोल मागण्याचा हक्क अनेकांना नाकारला. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तिची चिकित्सा केली आहे. तो जातिबद्ध सांगाडा गेला हे योग्यच झाले. परंतु त्यातील एक सूत्र आजही बोध देणारे आहे: जो यंत्र सांभाळतो त्याचा लाभ यंत्र चालण्यात असावा, मोडण्यात नसावा. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र ज्याला परिणामाधारित करार म्हणते, त्याचा गाभा हाच आहे.

जपाननेही वेगळ्या मार्गाने याच विचाराला हात घातला. निप्पॉन डेन्सो या कंपनीत १९७१ च्या सुमारास जी सर्वसमावेशक देखभालीची पद्धत आकाराला आली आणि सेइइची नाकाजिमा यांनी जिचा प्रसार केला, तिचे मूळ तत्त्व असे की, यंत्राची काळजी ही एका खात्याची मक्तेदारी नाही. यंत्र चालवणारा कामगारच ते रोज पुसतो, वंगण घालतो, बोल्ट सैल झाला आहे का हे पाहतो. जपानी कारखान्यात हे शक्य झाले, कारण कामगाराला कारखाना आपला वाटत होता. भारतात तीच पद्धत अनेक कंपन्यांनी आणली. परंतु जेथे देखभाल करणारा कामगार दर वर्षी बदलतो, तेथे भिंतीवरील तक्ते तेवढे जपानी दिसतात.

भागीदारी कशी असावी?

भागीदारी हा शब्द भाषणात गोड वाटतो. करारात उतरला नाही तर त्याला अर्थ राहत नाही. त्यासाठी काही ठोस पावले उचलावी लागतात.

पहिले पाऊल मुदतीचे. देखभालीचा करार किमान तीन ते पाच वर्षांचा असावा. एका वर्षासाठी आलेला कंत्राटदार ना अवजारांत गुंतवणूक करील, ना माणसांच्या प्रशिक्षणात. पाच वर्षांची खात्री असेल, तर तो कंपनमापक यंत्र घेईल, वेल्डरला प्रमाणपत्र मिळवून देईल आणि चांगल्या माणसाला धरून ठेवील.

दुसरे पाऊल मोबदल्याचे. मोबदल्याचा एक भाग ठरीव असावा, म्हणजे कामगारांचे वेतन सुरक्षित राहील. दुसरा भाग यंत्र किती तास विनाखंड चालले, तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागली का, ठरलेल्या वेळेत शटडाऊन पूर्ण झाले का, यांवर अवलंबून असावा. कंत्राटदाराच्या सूचनेमुळे खर्च वाचला, तर त्या बचतीचा वाटा त्याला मिळावा आणि त्यातील काही भाग ज्या फिटरने दोष हेरला त्याच्या हाती पडावा, असे करारातच लिहावे. मात्र एक दक्षता आवश्यक आहे. अपघात झाला नाही म्हणून बक्षीस देण्याची प्रथा घातक ठरते, कारण तिच्यामुळे किरकोळ अपघात दडवले जातात. धोक्याची सूचना वेळेवर दिल्याबद्दल बक्षीस द्यावे.

तिसरे पाऊल माहितीचे. यंत्राचा इतिहास, नकाशे, मागील दुरुस्त्यांची नोंद कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला खुली असावी. रोज सकाळी कारखान्याचा अभियंता, उत्पादनाचा पाळीप्रमुख आणि कंत्राटदाराचा पर्यवेक्षक यांनी पंधरा मिनिटे एकत्र बसून दिवसाची कामे ठरवावीत. देखभालीचा पुष्कळ वेळ प्रत्यक्ष कामात जात नाही. तो परमिटची वाट पाहण्यात, क्रेन येईपर्यंत बसून राहण्यात, भांडारातून भाग मिळेपर्यंत खेपा घालण्यात जातो. हा वेळ वाचवला तर कोणाच्याही वेतनाला हात न लावता खर्च घटतो.

चौथे पाऊल बिलाच्या चुकवणीचे. बिले महिनोन्महिने अडकवणारा मालक प्रत्यक्षात कंत्राटदाराला सावकाराच्या दारात उभा करतो, आणि ते व्याज पुढच्या निविदेत त्याच्याच माथी येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची जोड दिली. अशी देणी मुदतीत न दिल्यास तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. परंतु जो मालक कायद्याच्या धाकाने नव्हे तर रिवाज म्हणून तिसाव्या दिवशी बिल चुकवतो, त्याच्याकडे चांगले कंत्राटदार स्वस्तात काम करण्यास राजी असतात. दर पाडण्याचा याहून सोपा आणि सभ्य उपाय दुसरा नाही.

लहान कारखान्याला हे सारे कसे परवडावे, असा प्रश्न उपस्थित होईल. तो रास्त आहे. दहा-पंधरा पंपांच्या कारखान्याला कंपनमापनाचा तज्ज्ञ वर्षभर ठेवता येत नाही. परंतु एकाच वसाहतीतील वीस कारखान्यांनी मिळून एक कुशल पथक पाच वर्षांसाठी करारबद्ध केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार पेलण्याजोगा होतो. वसाहतीतील उद्योजक संघटना आणि लघु उद्योग भारतीसारख्या संस्था यात पुढाकार घेऊ शकतात. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना त्याच पथकात उमेदवारी मिळाली, तर तालुक्यातील तरुणांना हुन्नर मिळेल आणि उद्योगांना स्थानिक माणूस लाभेल.

काटकसरीने घेतलेले बळी

देखभालीतील चुकीच्या काटकसरीची सर्वांत भीषण साक्ष भारताच्याच भूमीवर आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा त्याला रोखू शकणाऱ्या यंत्रणा कोणत्या अवस्थेत होत्या? टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी पाइपलाइन दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेली होती. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक काटकसर किंवा साधी दिरंगाई. एकत्र आल्यावर हजारोंचा मृत्यू.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील पासाडेना येथे २३ ऑक्टोबर १९८९ रोजी फिलिप्स कंपनीच्या पॉलिथिलीन कारखान्यात भीषण स्फोट होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी देखभालीचे काम कंत्राटी कामगार करीत होते. या दुर्घटनेनंतर तेथे कंत्राटी देखभालीचा विशेष अभ्यास झाला, आणि १९९२ मध्ये लागू झालेल्या रासायनिक सुरक्षेच्या नियमांत कंत्राटदाराची निवड करताना त्याची सुरक्षेची कामगिरी तपासणे, त्याच्या कामगारांना कारखान्यातील धोक्यांची माहिती देणे ही मालकाची जबाबदारी ठरवण्यात आली. भांडवलशाहीच्या माहेरघरीही अनुभवाने हे मान्य करावे लागले की, काम कंत्राटावर देता येते, जबाबदारी देता येत नाही.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार वीज केंद्रात ५०० मेगावॅटच्या सहाव्या संचात दुर्घटना घडली. बॉयलरच्या तळाशी राखेचे गोळे साचले होते. संच चालू असतानाच ते मोकळे करण्याचे प्रयत्न सुरू होते. दाब वाढून उसळलेल्या तप्त वायू आणि राखेने चाळीसहून अधिक जणांचे प्राण घेतले. मृतांत बहुसंख्य कंत्राटी कामगार होते. ‘संच बंद करा, मगच आम्ही काम करू’ असे म्हणण्याची हिंमत ज्याला उद्याच्या गेटपासचीच शाश्वती नाही त्याच्या अंगी कोठून येणार? काम थांबवण्याचा अधिकार फलकावर सर्वांनाच दिलेला असतो. तो वापरणाऱ्याची रोजी सुरक्षित असेल, तरच तो अधिकार खरा.

कामगार हा उद्योगाचा घटक

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक मूलभूत तत्त्व घालून दिले होते: कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. कंत्राटी प्रथा बंद झाल्यावर कामगार आपोआप मुख्य मालकाचे कर्मचारी होतात काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २००१ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात नकारार्थी निर्णय दिला. त्यानंतर कंत्राटीकरणाला मोठीच गती मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांनी मूळ स्वरूपाच्या कार्यात कंत्राटी कामगार नेमण्यास काही अपवाद वगळता मनाई केली, आणि कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सोयींची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. मात्र जुन्या केंद्रीय कायद्यात २० कामगारांपासून लागू होणारे नियमन आता ५० कामगारांपासून लागू होते. देखभालीचे अनेक कंत्राटदार तीस-चाळीस माणसांचे असतात, हे ध्यानात घेतले तर यातील मेख कळते. भारतीय मजदूर संघाने वेतन व सामाजिक सुरक्षा या संहितांचे स्वागत करतानाच उर्वरित दोन संहितांतील काही तरतुदींबद्दल आक्षेप नोंदवले, ते उगीच नव्हे. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे मालकाच्या सद्सद्विवेकाची परीक्षा सुरू होते.

या संदर्भात दत्तोपंत ठेंगडी यांच्या विचारांचे स्मरण क्रमप्राप्त आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे जन्मलेल्या दत्तोपंतांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. त्या काळी कामगार चळवळीवर वर्गसंघर्षाच्या विचाराचा पगडा होता. मालक आणि मजूर हे जन्मजात शत्रू, हे गृहीतच मानले जाई. दत्तोपंतांनी ते नाकारले आणि उद्योग हा एक परिवार आहे, अशी भूमिका मांडली. या भूमिकेचा सोयीस्कर अर्थ काही मालकांनी असा लावला की, परिवार म्हटले की मागण्या नकोत. तो त्यांच्या विचाराचा विपर्यास होय. मजदूर संघाची घोषणा देशहितासाठी काम करण्याची आहे, तशीच कामाचे पूर्ण दाम घेण्याचीही आहे. परिवारात कष्ट वाटून घेतात, तसे ताटही वाटून घेतात.

या कसोटीवर आजचे कारखाने तपासून पाहावेत. कायम कामगाराचे हेल्मेट एका रंगाचे, कंत्राटी कामगाराचे दुसऱ्या. एकाला उपाहारगृहात थाळी, दुसऱ्याने भिंतीच्या सावलीत डबा सोडायचा. एकाला बस, दुसरा टेम्पोच्या हौद्यात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, झेंडूची तोरणे लागतात, पेढे वाटले जातात; पण ज्याने वर्षभर त्या यंत्राच्या पोटात हात घातला, त्याचे नाव पेढ्यांच्या यादीत असते काय? विश्वकर्म्याची पूजा करायची आणि त्याच्या वारसाला फाटकाबाहेर ठेवायचे, ही विसंगती ज्या समाजाला खटकत नाही, त्याने आपल्या परंपरेचा अर्थ नीट जाणून घेतलेला नाही.

आक्षेप आणि उत्तरे

भागीदारीच्या या विचारावर दोन दिशांनी टीका होते. डावे पक्ष म्हणतात, कंत्राटी प्रथा हीच शोषणाची व्यवस्था आहे; तिच्यात सुधारणा सुचवणे म्हणजे तिला मान्यता देणे. यात तथ्याचा अंश आहे. जे काम बारमाही आहे, कारखान्याच्या मूळ प्रक्रियेशी निगडित आहे, तेथे कायम माणूसच हवा. भागीदारीच्या नावाखाली त्याची जागा रद्द करणे ही फसवणूक ठरेल. परंतु चार वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या शटडाऊनसाठी शेकडो वेल्डर आणि रिगर कोणताही कारखाना बाराही महिने पोसू शकत नाही. अशा कामासाठी तज्ज्ञ कंत्राटदार राहणारच. प्रश्न एवढाच की, त्यांच्या माणसांना माणूस म्हणून वागवले जाईल की नाही.

दुसरी टीका व्यवस्थापनाच्या बाजूने होते. दीर्घ मुदतीचे करार केले तर कंत्राटदार आणि अधिकारी यांचे लागेबांधे निर्माण होतील, कारखाना एकाच माणसावर अवलंबून राहील. हा धोका खोटा नाही. त्यावर उपाय उघडेपणाचा आहे. कामगिरीचे निकष आधी लिहावेत, दर सहा महिन्यांनी त्यांचे परीक्षण तिऱ्हाईत तज्ज्ञाकडून करून घ्यावे, दोन कंत्राटदारांमध्ये विभाग वाटून द्यावेत आणि निकष न पाळणाऱ्याला मुदतीपूर्वी निरोप देण्याची तरतूद ठेवावी. भ्रष्टाचार एका वर्षाच्या निविदेतही होतो. त्याला केवळ दर वर्षी नवी संधी मिळते. शिवाय, कारखान्याने स्वतःच्या अभियंत्यांचे ज्ञान कधीही बाहेर सोपवू नये. ज्याला स्वतःच्या यंत्रातले काही कळत नाही, त्याला भागीदारही मिळत नाही. त्याला केवळ मुकादम मिळतो.

स्वदेशीची खरी कसोटी

देश उत्पादनाचे मोठे स्वप्न पाहतो आहे. नवे कारखाने उभे राहत आहेत, त्यांची भूमिपूजने होत आहेत. परंतु कारखाना उभारणे हे भांडवलाचे काम आहे, तो चाळीस वर्षे सुस्थितीत चालवणे हे चारित्र्याचे काम आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळरानावर वाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर माणसांचीही वसाहत उभी केली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याने १९१२ मध्येच कामाचा दिवस आठ तासांचा केला, कायद्याने त्याची सक्ती होण्याच्या कितीतरी आधी. माणसावर केलेला खर्च त्यांनी उधळपट्टीत धरला नाही, आणि ते उद्योग शंभर वर्षांनंतरही उभे आहेत.

समाजात वावरणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी कोणी लघुउद्योजक आहेत, कोणी कारखान्यात अभियंते, कोणी खरेदी विभागात, तर कोणी मजदूर संघाचे पदाधिकारी. पुढचा देखभालीचा करार या साऱ्यांच्या टेबलावरून जाणार आहे. त्या वेळी दराच्या रकान्याबरोबरच आणखी तीन गोष्टी तपासल्या जाव्यात: या दरात कामगाराला पूर्ण वेतन मिळू शकते काय, यंत्र नीट चालले तर कंत्राटदाराचा लाभ होतो काय, आणि धोका दिसल्यास काम थांबवणाऱ्या माणसाची रोजी शाबूत राहते काय. तिन्हींचे उत्तर ‘होय’ येत नसेल, तर ती निविदा कितीही कमी दराची असो, कारखान्याला परवडणारी नाही. वाचलेले चार पैसे यंत्राच्या दुरुस्तीत जातील, आणि एखाद्या दिवशी कोणाच्या तरी घरातील कर्ता माणूस संध्याकाळी परतणार नाही.